शाल-श्रीफळ पुरे, कार्यकारिणीत घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२ एप्रिलच्या जागतिक ऑटिझम (स्वमग्नता) जागरूकता दिनाचे फोटो यंदाही आपल्या दैनिकात पाहिले. निळे फुगे, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे आणि एखाद्या ऑटिस्टिक तरुणाला शाल-श्रीफळ. कार्यक्रमांना नावे ठेवायची नाहीत. पण त्याच कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका उलटून मागे छापलेली आयोजक संस्थेच्या विश्वस्तांची नावे वाचावीत. डॉक्टर असतात, सीए असतात, देणगीदार असतात, पालक तर असतातच. ऑटिस्टिक व्यक्तीचे नाव अशा यादीत माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. व्यासपीठावर ज्याला मान, त्याला बैठकीत मत नाही, असा हा प्रकार आहे.

पालकांवर रोख नाही. शाळा दारातूनच परत पाठवत होत्या तेव्हा पालकांनीच पदरमोड करून या संस्था उभ्या केल्या. पण त्या वेळची मुले आज तिशी-चाळिशीची आहेत. कार्यशाळेत कोणते काम द्यायचे, वसतिगृहाच्या एका खोलीत किती जणांनी राहायचे, सहलीला जायचे की नाही, हे त्यांच्या रोजच्या जगण्याचे प्रश्न आहेत आणि ते दुसरेच कोणी बंद खोलीत ठरवतात.

कायद्यानेही इथे एक गंमत करून ठेवली होती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्थानिक स्तर समितीची तरतूद आहे. अठरा वर्षांवरील ऑटिस्टिक व्यक्तीला कायदेशीर पालक नेमायचा का आणि कोणाला, हे ही समिती ठरवते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिची रचना. दिव्यांग कोणाला म्हणायचे याची व्याख्या मात्र १९९५ च्या कायद्यातून उचलली, आणि त्या कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच! म्हणजे ज्यांच्यासाठी समिती, त्यांनाच तिच्या खुर्चीवर हक्क नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने यादी २१ प्रकारांपर्यंत वाढवली, त्यात ऑटिझम आला. सरकारी नोकऱ्यांत बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरेंसह मिळून एक टक्का आरक्षणही आले. खासगी संस्थांच्या कार्यकारिणीला असा कोणताच धाक नाही, तिथे आपणहूनच सरकून जागा करून द्यावी लागेल.

अमेरिकेत सरकारच्या ऑटिझमविषयक समन्वय समितीवर किमान एक ऑटिस्टिक सदस्य असावा, असे २००६ च्या कायद्याने ठरवले. २०१४ मध्ये किमान दोन झाले, २०१९ मध्ये तीन. त्यामागे ऑटिस्टिक लोकांच्या स्वतःच्या संघटनांचा रेटा होता. कॉलेजात असतानाच अशी संघटना काढणारे आरी नेमन २०१० मध्ये तिथल्या राष्ट्रीय दिव्यांग परिषदेवर गेले.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा बरीच वर्षे सचिव होतो. आमच्या कार्यकारिणीत एक ऑटिस्टिक सभासद निवडून आला. (सिनेमात दाखवतात तसा तो आकडेमोडीतला चमत्कार वगैरे नाही, हिशेबाचा त्याला माझ्याइतकाच कंटाळा.) पहिल्या दोन-तीन बैठकांत तो अवाक्षर बोलला नाही. सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकले की याला काही समजत नाही. अडचण निराळीच होती. विषयपत्रिकेच्या तळाशी आम्ही सगळेच एक ओळ ठोकून देतो : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. आणि आपल्याकडे खरी बैठक तिथूनच सुरू होते! पाच जण एकाच वेळी बोलतात, त्यात चहा येतो, कोणाचा तरी फोन वाजतो आणि ‘चला, झालं ठरलं’ म्हणून सगळे उठतात. त्या गलबल्यात विचार करून बोलणारा माणूस तोंड उघडेपर्यंत सभा संपलेली असते.

मग आम्ही विषयपत्रिका कागदपत्रांसह आठवडाभर आधी द्यायला लागलो. अगदीच निकड नसेल तर ऐनवेळचा विषय पुढच्या बैठकीवर. बैठकीनंतर दोन दिवस लेखी मत चालेल. घूं-घूं करणारी ट्यूबलाइटची पट्टी बदलली, तिचा त्रास खरे तर सर्वांनाच होता. खर्च म्हणाल तर त्या पट्टीपुरताच. त्यानंतर त्याने इतिवृत्ताची वही हातात घेतली आणि आमची पंचाईत झाली. ‘कपाटाबाबत चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ हे वाक्य वाचून त्याने विचारले, ‘कोणी करायची? कधीपर्यंत? किती रुपयांत?’ एक ज्येष्ठ सदस्य हसून म्हणाले, ‘अरे, बघू ना.’ तो म्हणाला, ‘मग बघू असंच लिहा. ठरले म्हणू नका.’ कोणाला राग आला, कोणी मान डोलावली. पण त्या कपाटाची खरेदी महिन्याभरात झाली.

पुढारी म्हटले की फर्डे भाषण, चार ठिकाणी ओळखी, हसतमुख चेहरा हेच आपल्या डोळ्यांपुढे येते. संस्था चालते ती ठरावांवर आणि ते पाळले जातात की नाही यावर. भाषणाला दुसरा कोणीही उभा राहील.

यावर ठरलेला आक्षेप येतो : बोलू शकणाऱ्यांचे ठीक आहे हो, ज्यांना चोवीस तास मदत लागते त्यांचे काय? आक्षेप खोटा नाही. एक ऑटिस्टिक विश्वस्त सगळ्यांच्या वतीने बोलू शकणार नाही. पण एक पालक तरी सगळ्यांच्या वतीने कुठे बोलू शकतो? म्हणून पालकांच्या जागा कमी न करता निदान दोन जागा ऑटिस्टिक व्यक्तींसाठी ठेवाव्यात. दोन अशासाठी, की एकटा माणूस शोभेचा होऊन बसतो. न बोलणारे पण टाइप करून किंवा चित्रफलकावर बोट ठेवून सांगणारे लोक आहेत. त्यांना मदतनीसासह बसू द्यावे, प्रश्न आधी द्यावेत, उत्तराला वेळ द्यावा. आणि ‘निमंत्रित सदस्य’ ही पळवाट नको. चहा मिळतो, मत मिळत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस पुढे येत आहेत. निदान ऑटिझमसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तरी घटनादुरुस्तीचा विषय यंदाच्या पत्रिकेवर घ्यावा, ऐनवेळच्या विषयांत नव्हे, वरच्या ओळींत. नवे विश्वस्त आले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, ते काम आपल्या सचिव मंडळींच्या हातचे आहे.

— एका वाचनालयाचा माजी सचिव, जि. सांगली