निसान म्हणजे चैत्र नव्हे

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत हिब्रू महिने आणि आपले महिने शेजारी शेजारी छापले आहेत: निसान म्हणजे चैत्र, इयार म्हणजे वैशाख, असे बाराही. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरातला, इस्रायलमध्ये रामल्याला राहतो. जवळच्या मोशाववर (शेतकऱ्यांच्या सहकारी वस्तीवर) गव्हाच्या शेतात आणि बदामाच्या बागेत सदतीस वर्षं राबलो. हे कोष्टक वाचून राहवलं नाही.

आमच्या घरी पुरीम या ज्यू सणाला होळीचा सणच म्हणतात, कारण निसानच्या आधीच्या अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येणारा हा सण बहुतेक वर्षी होळीला लागूनच पडतो. पण २०२१ साली पुरीम २६ फेब्रुवारीला झाला आणि होळी २८ मार्चला. तिकडे होळी पेटली त्या दिवशी इथे निसानमधल्या पेसाख सणाचा पहिला दिवस होता. तब्बल एक महिन्याचा फरक!

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे दरवर्षी अकराएक दिवस कमी पडतात. ते भरून काढायला हिब्रू पंचांगात १९ वर्षांत सात महिने वाढवतात. आपला अधिक महिना २०२० साली अश्विनात पडला, २०२३ साली श्रावणात. हिब्रू वर्षात मात्र दुप्पट होतो तो अदारच, दुसरा कुठलाही महिना नाही. याचं कारण सातूच्या शेतात आहे.

तोरात (आमच्या धर्मग्रंथात) निसानला अवीवचा महिना म्हटलं आहे. अवीव म्हणजे सातूची दाणा भरलेली, पण अजून न वाळलेली ओंबी. मराठी माणसाला समजावायचं तर हुरड्यावर आलेलं पीक. पेसाखच्या दुसऱ्या दिवशी जेरुसलेमच्या मंदिरात नव्या सातूचा पहिला वाटा वाहायचा असे. सातू तयारच नसेल तर वाहणार काय? म्हणून पूर्वी पंडितांची सभा तीन गोष्टी बघे: सातू, झाडांची फळं आणि विषुवदिन. यांतल्या दोन मागे असल्या की आणखी एक अदार. पुढे सगळं गणितावर गेलं, पण जागा अदारचीच राहिली.

पेसाखच्या सुमारास मी अजूनही रामल्याजवळच्या गेझेरच्या टेकडीवर जातो, रानसातूची ओंबी तोडून तळव्यावर चोळतो. २०२१ साली दाणा हिरवट होता, नखाखाली मऊ लागत होता. २०२४ साली दोन अदार झाले आणि पेसाख २३ एप्रिलला आला. तेव्हा ओंबीला हात लावताच ती सुटी होऊन पडली.

याच टेकडीत १९०८ साली चुनखडीची एक तळहाताएवढी पाटी सापडली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. आता ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर महिन्यांची नावं नाहीत, शरदापासून क्रमाने कामं आहेत: दोन महिने पीक गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवसाचा, एक सातू कापणीचा, एक कापून मापून घेण्याचा, दोन द्राक्षवेलींचे, एक उन्हाळी फळांचा.

बघा, पेरणी कुठे आली! आपला वाचक सिवानसमोर ज्येष्ठ वाचेल आणि त्याच्या डोळ्यांपुढे पेरणी येईल. इथे तेव्हा गव्हाची कापणी असते, आणि त्यानंतर एलूल (ऑगस्ट-सप्टेंबर) सरेपर्यंत सहसा थेंबसुद्धा पडत नाही, फक्त दव. पहिल्या पावसाने धूळ धुतली की मग ऑलिव्ह उतरवायचे, जमीन भिजली की पेरायचं. पाऊस मागायची प्रार्थनासुद्धा या देशात हेश्वानच्या (ऑक्टोबर-नोव्हेंबर) सातव्या दिवशी सुरू होते, सुक्कोत या शरदातल्या सणानंतर पंधरा दिवसांनी. पूर्वी सुक्कोतला जेरुसलेमच्या मंदिरात आलेल्या यात्रेकरूंपैकी सर्वांत लांबचा माणूस फरात नदीपर्यंत कोरडा पोहोचावा म्हणून हे पंधरा दिवस थांबायचं. दुष्काळाच्या भीतीतही त्या वाटसरूचा विचार केला गेला, हे मला फार मोठं वाटतं.

कोष्टक पुन्हा छापाल तेव्हा कृपया ‘म्हणजे’ काढून ‘सुमारे’ लिहा, आणि जागा असेल तर प्रत्येक महिन्यापुढे इथल्या शेतातलं काम द्या. मी ते हौसेने लिहून पाठवीन.

आपला,
एक जुना वाचक, रामला, इस्रायल