घरात बसून पाहिलेले सिनेमे आणि तुमची यादी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही २०२० च्या सिनेमांची यादी छापली ती वाचली, आणि दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. यादी वाईट नाहीये. पण वर जी प्रस्तावना आहे ना, की ओटीटीमुळे, म्हणजे नेटवरून सिनेमे दाखवणाऱ्या ॲपमुळे, थिएटर घराघरात पोचलं, ती लिहिणाऱ्याच्या घरी वायफाय असणार हे नक्की. आमच्या पारोळ्यात घरात चालू मोबाईल एक, रोजचा दीड जीबीचा पॅक, त्यात सकाळी पोरीचा ऑनलाइन क्लास, दुपारी सरांनी पाठवलेले व्हिडिओ, आणि रात्री जे उरेल त्यात आमचा सिनेमा. इंटरव्हल कुठं घ्यायचा ते डायरेक्टर नाही, पॅक ठरवायचा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की अशा हालात, तुकड्या-तुकड्यात, मधेच लाइट जाऊन, एप्रिल-मेच्या उकाड्यात गच्चीवर पडून जो सिनेमा टिकला तोच त्या वर्षातला चांगला सिनेमा, आणि असे टिकलेले बहुतेक सिनेमे एका घरातच घडणारे निघाले. मोठे सेट अन दणक्यात नाचगाणी असलेले आपटले, 'लक्ष्मी' आणि 'कुली नंबर १' तुमच्या यादीत कसे आले ते तुम्हालाच माहीत, मला तर दोन्ही पुरे करायला डेटा घालवावासा वाटला नाही.

'गुलाबो सिताबो' घ्या. १२ जूनला थेट मोबाईलवर आला, थिएटर सोडून असा येणारा तो पहिला मोठा हिंदी सिनेमा, म्हणून तेव्हा त्याच्यावर बरीच ओरड झाली. लोक म्हणाले स्लो आहे. अरे स्लो आहेच, भाडेकरूचं भांडण कधी फास्ट असतं का? लखनौची पडकी हवेली, मिर्झा म्हणजे अमिताभ, बांके म्हणजे आयुष्मान, पिठाची गिरणी चालवणारा, भाडं नाममात्र आणि तेही देत नाही. तो मिर्झा भाडेकरूंचे बल्ब काढून विकतो ते पाहून आमची माय, जी तोवर पाठ करून बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालायचं गाठोडं बांधत होती, ती वळून म्हणाली "बुढा भलता लबाड शे!" आणि मग शेवटपर्यंत बसली. आमच्या पेठेत जुन्या वाड्यांचे असले वाद कोर्टात पडून आहेत, मालक गेला, भाडेकरू गेला, आता नातवंडं तारखेला जातात, त्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. आणि फारुख जफर यांची बेगम! सगळ्यांच्या वर ती. जुही चतुर्वेदीने लिहिलंय ते किती बारकाईने लिहिलंय हे दुसऱ्यांदा बघताना कळतं.

'चिंटू का बर्थडे' तुमच्या यादीत नाहीच. का नाही? २००४ चं बगदाद, बिहारी कुटुंब अडकलेलं, बाहेर अमेरिकन सैनिक, आणि घरात सहा वर्षाच्या पोराचा वाढदिवस करायचाय. विनय पाठक, सीमा पाहवा, तिलोत्तमा शोम. अख्खा सिनेमा एक दिवस, एक घर. जूनमध्ये आला तेव्हा आमच्याच गल्लीत किती पोरांचे वाढदिवस केक न मिळता गेले होते, कुकरमध्ये बिस्किटांचा केक करून शेजारच्यांनी भिंतीवरून टाळ्या वाजवल्या होत्या. असं असताना यादी करणाऱ्याला हा सिनेमा आठवत नाही म्हणजे कमाल आहे.

मल्याळममधला 'सी यू सून' मात्र तुम्ही घेतला, त्याबद्दल आभार. लॉकडाऊनमध्येच शूट केलेला, फहाद फाजिल, डायरेक्टर महेश नारायणन, आणि सगळी गोष्ट फोनच्या न कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच दिसते, चॅट, व्हिडिओ कॉल, मेल. हा एकच सिनेमा असा की टीव्हीपेक्षा मोबाईलवर जास्त अंगावर येतो, वरून कुणाचा मेसेज आला तर तो सिनेमातला की आपला हे क्षणभर कळत नाही. सबटायटल बारीक होते, डोळे दुखले, चालतंय.

आणि आता या महिन्यात 'सर' पाहिला. नोव्हेंबरात थिएटरला लागला होता म्हणे, पन्नास टक्के खुर्च्या चालू झाल्या होत्या तेव्हा, पण आमच्याकडे कुठला लागतोय. मुंबईच्या फ्लॅटमध्ये घरकाम करणारी रत्ना, गावाकडची विधवा बाई, फॅशन डिझायनर व्हायचंय तिला, आणि तिचा साहेब. परत तीच 'चिंटू'मधली तिलोत्तमा शोम, आणि मराठी बाई म्हणून कुठंच खटकत नाही, आपल्याकडच्या कितीतरी बाया अशाच मुंबई-सुरतला कामाला आहेत. एका भिंतीच्या अलीकडे तिची खोली, पलीकडे त्याची, कॅमेरा या खोलीतून त्या खोलीत सरकतो आणि संवाद काहीच नाही. रोहेना गेरा यांनी शेवट असा केलाय की मी इथं सांगणार नाही. माझा नंबर एक हाच.

जुने सिनेमे यादीत धरत नाहीत हे मान्य, पण घरात बसलेल्या माणसाने वर्षभर नवीनच पाहिलं असं कसं होईल. २९ एप्रिलला अभिनेता इरफान खान गेला, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन तीनच दिवस झाले होते, त्या आखाजीला ना झोका बांधला ना लेकी माहेरी आल्या. त्याचा 'अंग्रेजी मीडियम' १३ मार्चला लागला आणि लगेच थिएटरं बंद. तो राहूच दे, मी त्याचाच जुना 'लंचबॉक्स' लावला. नंतर पावसाळ्यात 'उंबरठा', कारण स्मिता पाटील म्हणजे आमच्या शिरपूरची लेक, निदान आम्ही तरी तसंच धरतो. त्यातली स्मिताची सुलभा घर सोडून जाते तिथं मी आणि बायको तिच्या बाजूने, आणि माय म्हणाली की तुम्ही कोणी सुलभाच्या जावेबद्दल का बोलत नाही, पोर तर तिनेच सांभाळली. इतक्या वेळा पाहिलेला सिनेमा, ही गोष्ट डोक्यात आली नव्हती.

एकाच बाबतीत माझं वरचं म्हणणं उलटं पडतं, ते म्हणजे 'सूरराई पोट्रू'. तमिळ, तेव्हा हिंदी डबिंग नव्हतं, सुधा कोंगारा यांचा, कॅप्टन गोपीनाथ यांच्या आयुष्यावरून घेतलेला, एक रुपयात विमानाचं तिकीट देणारे तेच. सूर्या विमानतळावर अनोळखी लोकांपुढे हात पसरून तिकिटाला कमी पडणारे पैसे मागतो तो सीन मी पाच इंचाच्या स्क्रीनवर पाहिला आणि चिडलो, कारण तिथं बाजूला शे-दोनशे माणसं हवी होती. धुळ्यात किंवा जळगावात कुठं हा पडद्यावर लागला तर दोन ओळींची बातमी तेवढी छापा साहेब, आमच्याकडून निदान एक जीप भरून माणसं येतील.

आपला,
एक सिनेमावेडा वाचक,
पारोळा, जि. जळगाव