तणनाशकाआधी दिवस मोजा

महोदय,

आमच्याकडे 'तण खाई धन' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण सोयाबीनमधलं तण दिसायला लागतं ते गुडघ्याला आल्यावर. मग कृषी केंद्रात धाव. मागच्या खरिपात मीही हेच केलं. पेरणीला महिना उलटून गेला होता, केना हे तण चांगलंच माजलं होतं. दुकानदाराने बाटली दिली, दिवस मात्र विचारले नाहीत. केना पिवळा पडला आणि आठवड्यात पुन्हा हिरवा झाला.

इमॅझेथापायरसारखं तणनाशक पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण दोन-चार पानांवर असताना आणि जमिनीत ओल असतानाच काम करतं. पेंडीमिथॅलीन तर पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, उगवणीपूर्वीच मारायचं असतं. फवारणीचं नोझल फ्लॅट फॅन, म्हणजे चपट्या पंख्यासारखा फवारा देणारं हवं. आपण कीटकनाशकाचंच वापरतो. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं, पानं पार आक्रसून जातात.

पाऊस उघडीप देतो तेव्हा १५-२० दिवसांनी एक आणि महिन्याने दुसरी डवरणी, म्हणजे ओळींमधून डवरा फिरवून तण काढणं, आजही स्वस्त पडते. निंदणाला मजूर मिळत नाहीत, हे खरंच. निदान विक्रेत्यांनी बाटली देताना पेरणीची तारीख विचारावी.

– एक सोयाबीन उत्पादक, जि. वाशीम