अंगण खरोखरच वाकडे होते

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गिटार आपल्याकडून दुरुस्त करून घरी आणली त्याला आज 19 दिवस झाले. हे पत्र खरे तर त्याच रात्री लिहायला घेतले होते. पण त्या मजकुरात आभार कमी आणि आपल्याआधी ज्यांच्याकडे हेलपाटे घातले त्यांच्यावरचा राग जास्त उतरला, म्हणून तो कागद फाडून टाकला. राग अजूनही पुरता गेलेला नाही, हे पुढे आपल्याला दिसेलच. मात्र आभार आधी मांडता यावेत इतपत तो आता निवळला आहे.

मी वयाच्या 51 व्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागलो. सुरुवातीला बोटांची टोके दुखतात हे सर्वांनीच सांगितले होते आणि ते दुखणे मी हौसेने सोसले. पण कोरडी हवा सुरू झाली तसे दुसरेच काही दुखू लागले. स्वर धरून हात खालीवर सरकवला की तर्जनीच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे उठू लागले, आणि फडक्याने नेक, म्हणजे गिटारची लांब मान, पुसायला जावे तर फडक्याचे धागे कडेला अडकून ओढले जाऊ लागले. बोट फिरवून पाहिले तेव्हा नेकच्या कडेला करवतीच्या पात्यासारखे दाते लागले. फ्रेटची, म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक कांड्यांची, टोके लाकडाच्या बाहेर आली होती. फार नव्हे, केसाच्या जाडीहून थोडी जास्त. पण कातडीला तेवढेही पुरते.

ज्या कारागिरांकडे मी पहिल्यांदा गेलो त्यांनी गिटार पिशवीतून बाहेर काढण्याचीही तसदी घेतली नाही. माझ्याकडे एकवार पाहून ते म्हणाले, "पकड चुकतेय तुमची. या वयात हात लवकर वळत नाही." आणि वर हसत हसत 'नाचता येईना' एवढेच म्हणून म्हण अर्धी सोडून दिली. अर्धी सोडलेली म्हण पुऱ्या म्हणीपेक्षा जास्त लागते, हे मला त्या दिवशी कळले. घरी येऊन मी आरशासमोर बसलो आणि दोन महिने अंगठा कुठे ठेवावा याचाच अभ्यास केला.

दुसऱ्यांनी निदान गिटार पाहिली. या दर्जाच्या गिटारी अशाच असतात, कातडी निबर झाली की काही जाणवणार नाही, असा त्यांचा निर्वाळा. तारा दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडतात हे मान्य; पण तर्जनीच्या मुळाशी घट्टे पाडून घ्यावेत असे वादनाच्या कुठल्या पद्धतीत बसते, हे मी त्यांना विचारायला हवे होते. विचारले नाही. नवशिक्या माणसाला एक प्रकारची शरम असते, आणि तिच्या जोरावर अनेकांची दुकाने चालतात.

तिसऱ्यांनी मात्र तत्परता दाखवली. मी बोलत असतानाच त्यांनी कानस उचलली आणि चहा निवायच्या आत काम संपवले. पुढचे आपण स्वतःच पाहिले आहे: कडेच्या लाखेवर उठलेले चरे, फ्रेटबोर्डवरचे, म्हणजे फ्रेट ज्यात बसवतात त्या लाकडी पट्टीवरचे, कानशीचे ओरखडे आणि बारीक तारेच्या बाजूला सहा-सात फ्रेटची टोके इतकी तिरपी खाल्लेली की पहिली तार जरा ओढली तरी कडेवरून घसरून खाली यावी. एवढे करूनही काही आठवड्यांत दाते पुन्हा वर आले ते आलेच.

म्हणून आपल्याकडे आलो तेव्हा माझ्या मनात आशा नव्हती, फक्त गाऱ्हाणे होते, आणि तेही मी पाठ केल्यासारखे म्हणून दाखवले. आपण ते मध्येच थांबवले नाही. ते संपल्यावर आपण गिटारकडे न वळता दिवा जवळ ओढलात आणि म्हणालात, "आधी हात दाखवा."

खरे सांगतो, मला धस्स झाले. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचा अनुभव ताजा होता. आता पुन्हा पकडीवर आणि वयावर व्याख्यान ऐकावे लागणार, असे वाटले. पण आपण माझा डावा तळहात दिव्याखाली धरलात, तर्जनीच्या मुळाशी असलेले ओरखडे निरखून पाहिलेत, आणि त्यातला एक जुना व दोन ताजे आहेत हे माझ्या आधी आपल्या लक्षात आले. मग गिटार माझ्या मांडीवर ठेवून आपण मला सावकाश हात सरकवायला सांगितलेत. ज्या ठिकाणी माझा हात किंचित आखडेल त्या ठिकाणी आपण एक शब्दही न बोलता कागदी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावत होता आणि त्यावर पेन्सिलने फ्रेटचा क्रमांक लिहीत होता. बाराव्या फ्रेटपर्यंत जाऊन परत येईपर्यंत नेकच्या दोन्ही कडांवर 14 तुकडे झाले होते. नंतर आपण कापसाचा एक बोळा त्याच कडांवरून फिरवलात. जिथे जिथे चिकटपट्टी होती तिथे तिथे कापसाचे तंतू अडकून राहिले, आणि ज्या दोन जागा माझ्या हाताला कळल्या नव्हत्या तिथेही अडकले. आपण तो बोळा माझ्यापुढे धरलात आणि म्हणालात, "बघा, हात बरोबर सांगत होता."

ताई, एवढ्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. बाकीचे सगळे आपले कौशल्य आहे, त्याचा मोबदला आपण घेतलात आणि मी तो आनंदाने दिला. पण माझ्या हाताची साक्ष ग्राह्य धरायला हवी, हे तोपर्यंत कुणालाही सुचले नव्हते. ते खुद्द मलाही सुचेनासे झाले होते. अंगण खरोखरच वाकडे होते आणि नाचणाऱ्याने दोन महिने आपल्या पायांना दोष दिला होता.

त्यानंतर आपण कारण सांगितलेत. ते इतके साधे होते की आधीच्या तिघांपैकी एकालाही ते सांगता येऊ नये याचे अजून नवल वाटते. हवेतला ओलावा कमी झाला की फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते. तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ नाहीच, पण आडवे, म्हणजे रुंदीत, चांगले जाणवण्याइतके. फ्रेट धातूचे. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या ज्या मिश्रधातूला निकेल सिल्व्हर म्हणतात त्यात नावापुरतीही चांदी नसते, ही गंमतही आपणच सांगितलीत. त्या धातूला हवेच्या कोरडेपणाशी काही देणेघेणे नाही. लाकूड मागे सरते आणि धातू जागेवर राहतो. म्हणजे फ्रेट वाढलेले नसतात, लाकडी पट्टी अरुंद झालेली असते. तिसऱ्यांनी केलेले कानसकाम का टिकले नाही, हेही मग उलगडले. लाकूड आणखी सुकायचे होते, आणि त्यांनी अर्ध्या वाटेवरच टोके छाटली होती.

मी समजत होतो की आता आपण कानस घ्याल. आपण घेतली नाही. "लाकूड तहानलेलं आहे, आज हात लावणार नाही. आज घासलं आणि पुढे लाकूड फुगलं, तर टोकं आत जातील आणि कडेला खड्डे लागतील," असे म्हणून आपण गिटार पेटीत बंद केलीत, शेजारी भोकाभोकांच्या डबीत ओलसर स्पंज आणि आर्द्रता मोजायचा छोटा काटा ठेवलात, आणि मला 10 दिवसांनी यायला सांगितलेत. त्या क्षणी, कबूल करतो, माझा थोडा हिरमोड झाला. काम लांबणीवर टाकणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत. काम लांबले की काम चांगले होते म्हणून लांबवणारे क्वचितच भेटतात, आणि दोघांत फरक करायला वेळच जावा लागतो.

10 दिवसांनी काटा 45 आणि 50 टक्क्यांच्या मधे स्थिरावला होता आणि 16 पैकी 9 टोके आपोआप आत गेली होती. अर्धे दुखणे नुसत्या ओलाव्याने बरे झाले! उरलेल्यांवर आपण काम केलेत त्याचे वर्णन मी करणार नाही. ते करण्याची माझी पात्रता नाही आणि वाचून कुणी उत्साहाने कानस हाती घेईल अशी भीतीही आहे. पण पिकअपवर, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागांवर, आपण आधी चिकटपट्टी लावलीत, कारण घासायच्या पोलादी लोकरीचा चुरा त्यांच्या चुंबकाला चिकटून बसतो, आणि मग एकेका टोकाचे कोपरे बारीक कानशीने असे गोलावलेत की आवाज कागदावर पेन्सिल फिरावी तसा येत होता, एवढे मात्र मी विसरणार नाही. 22 फ्रेट, म्हणजे 44 टोके. दुखत नव्हती त्यांच्यावरूनही आपला हात फिरला.

आणि जे दुरुस्त होणार नव्हते ते आपण लपवले नाही. आधीच जास्त तिरपी खाल्लेली टोके परत आणता येत नाहीत, ते फ्रेट बदलणे हाच खरा उपाय, पण आज त्याची गरज नाही, असे स्वच्छ सांगून आपण नेकचे स्क्रू जरा सैल केलेत, नेक अगदी किंचित सरकवून पुन्हा आवळलीत, आणि पहिली तार कडेपासून आत आली. आता ती घसरत नाही. मोठा खर्च सुचवण्याची आयती संधी समोर असताना आपण लहान उपाय निवडलात. हातातली कला बऱ्याच जणांकडे असते. समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा न घेण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते, आणि ती सवय लागलेली माणसे स्वतः त्याविषयी कधी बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी जाहीरपणे लिहावे लागते. आपली परवानगी न घेता हे पत्र उघडे ठेवतो आहे, त्याचे कारण हेच. नाव घातलेले नाही, ते आपल्या संकोची स्वभावाला जपण्यासाठी.

आधीच्या तिघांपैकी कुणाच्या वाचनात हे आले, तर त्यांनी वाईट वाटून घ्यावे असे मला वाटते. हे वाक्यही खोडणार होतो, पण राहू देतो.

आता रोज सकाळी पेटी उघडून काटा पाहतो. आज 49 होता. स्पंज सुकला की ओला करून, घट्ट पिळून पुन्हा डबीत ठेवतो. पाणी ठिबकता कामा नये, हे आपले बजावणे लक्षात आहे. अंगठा मात्र अजून चुकीच्या जागी जातो. पहिल्या गृहस्थांचे तेवढे म्हणणे खरे होते.

काल पेटीच्या अस्तराला कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा चिकटलेला सापडला. त्यावर आपल्या अक्षरात पेन्सिलने 9 लिहिले आहे. तो मी तिथेच राहू दिला आहे.

आपला कृतज्ञ,
उशिरा शिकायला लागलेला एक विद्यार्थी