मावशी, तुम्ही चिठ्ठी उचलली नाहीत

आदरणीय मावशी,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र. रावेर-यावलकडे आपल्यासारखी जी विश्वासणारी घरं आहेत, त्यांनीही ते वाचावं.

त्या संध्याकाळी मी तुमच्या ओट्यावर आलो तेव्हा खिशात दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर 'सुरत', दुसरीवर 'मळा'. गाव सोडून तिकडे जायचं की इथेच शेती करायची, हे ठरत नव्हतं. 21 दिवस उपास-प्रार्थना झाली होती. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं, हेही करून पाहिलं होतं. म्हटलं, तुम्ही प्रार्थना करून एक चिठ्ठी उचला. तुम्ही सुपात तूर निवडत होतात. वर न बघताच विचारलंत, "बायकोले इचारं का?"

मी गप्प झालो. देवाला 21 दिवस विचारलं होतं, घरात एकदाही नाही.

प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या, असं मी म्हणालो. तुम्ही हात पुसून, रबर लावलेलं तुमचं बायबल उघडलंत. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठीने झाली, ती प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात. पवित्र आत्मा उतरला तो दुसऱ्यात. पुढे 15 व्या अध्यायात मोठा पेच आला तेव्हा मंडळी बसली, बोलली, एकमेकांचं ऐकलं आणि मग ठरवलं. चिठ्ठीचं नावही नाही. इतकी वर्षं हे पुस्तक वाचतोय, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग तुम्ही जे म्हणालात ते मला आजही टोचतं, आणि टोचावंच. "सुरतचं मला ठाऊक नाही. पण तुझ्या भावाबद्दल देवाची इच्छा काय, ते ठाऊक आहे. मत्तय 5:24. आधी भावाशी समेट कर." विहिरीच्या मोटारीवरून दादाशी दोन वर्षं बोलणं बंद होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे. जे देवाने स्वच्छ सांगितलंय ते बाजूला सारून, न सांगितलेल्याची खूण मी मागत होतो.

दादाकडे जायला मला आठ दिवस लागले. वहिनीने चहा ठेवला. दादा बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "पाणी वाटून घेऊ." आम्ही नवरा-बायकोने हिशोब मांडला, याकोब 1:5 प्रमाणे शहाणपण मागितलं आणि मळ्यात राहायचं ठरवलं. कर्ज झेपेल इतकीच केळी लावली.

मे महिन्यात वादळ आलं. घडांनी वाकलेली खोडं मधोमध मोडून पडली होती. अर्धा बाग गेला. मी पुन्हा तुमच्या ओट्यावर. "मावशी, निर्णय चुकला का?" तुम्ही पौलाची आठवण दिलीत: मासेदोनियाला जायचा दृष्टान्त त्याला देवाकडूनच झाला होता, आणि तिथे फिलिप्पैत पोचल्यावर त्याला फटके बसले, पाय खोड्यात अडकले. नुकसान झालं म्हणजे वाट चुकली असं मानू नकोस, म्हणालात. आणि माझ्याबरोबर रडलातही. ते रडणं मी विसरणार नाही.

आता लेकीच्या अकरावीचा प्रश्न आहे, भुसावळ की जळगाव. काल जेवणं झाल्यावर आम्ही तिघांनी आधी प्रार्थना केली, मग तिलाच विचारलं. ती तासभर बोलत होती.

मृगात उरलेल्या बागेत नवी रोपं लावतोय. दादाही येतोय. पहिलं रोप तुमच्या हातचं, मावशी. गाडी घेऊन येतो.

तुमचा,
मळ्यातला भाचा