खारट आइस्क्रीम आणि मनूची ट्रिप

सांगली
रविवार, दुपारी साडेतीन

प्रिय सुमे,

काल रात्री मी वाडगाभर खारट आइस्क्रीम खाल्लं. पार तळ दिसेपर्यंत. घरातल्या बाकी सगळ्यांनी पहिलाच घास बेसिनमध्ये टाकला आणि मी मात्र हसत हसत खात सुटले होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. अविनाश दोनदा म्हणाला, "अगं, बरं वाटतंय ना?" सासूबाईंना वाटलं, ऊन लागलं. कुणाला काय सांगणार होते मी? तेव्हाच ठरवलं, उद्या सगळी झोपली की तुला लिहायचं.

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. संक्रांतीला तुझा तिळगूळ आला, त्याची पोचसुद्धा दिली नाही. रागावली असशील, आणि रागवायलाच हवं. पण आधी हे वाच.

तब्येती ठीक. माझं बीपी गोळीनं जागेवर, सासूबाईंचा गुडघा आहे तसाच. झालं.

तर काल मनूला वीस पूर्ण झाली. केक नको म्हणाली, माळ्यावरचा आइस्क्रीमचा पॉट काढूया म्हणाली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! लाकडी बादली आदल्या दिवसापासून भिजत घातली, फटी मिटायला हव्यात ना. हापूसचा रस काढला. दुधाऐवजी नारळाचा रस घेतला, तुझ्या आत्यांनी घेतला होता तसा, दाट, दोनदा गाळून. बर्फाची लादी आली, गोणपाटात घालून अविनाशनं ती बत्त्यानं फोडली, एक थर बर्फ, एक थर खडे मीठ. मनू आणि तिच्या दोघी मैत्रिणी आळीपाळीनं हॅण्डल फिरवत होत्या. मी कैरीचं पन्हं करायला आत गेले. वीस मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर फरशी कोरडी ठणठणीत. माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, "मने, खारं पाणी कुठे गेलं?" तर कन्या म्हणते, "अगं, त्या भोकातून सारखं गळत होतं, म्हणून मी फडकं कोंबलं."

सुमे, फडकं कोंबलं! जिथे तू कोंबलं होतंस तिथेच!

तूच मला नंतर तासभर समजावलं होतंस, आत्यांच्या देवगडजवळच्या जामसंड्याहून निघाल्यावर, की मिठानं बर्फ शून्याच्या खाली जाऊन वितळतो, वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो, आणि ते भोक झाकणापेक्षा खाली अशासाठी असतं की खारं पाणी झाकणाच्या वर चढू नये. अगदी उणे एकवीसपर्यंत जाऊ शकतं म्हणालीस. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे सगळं हिला रुमाल कोंबायच्या आधी का नाही आठवलं! बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतीस, फिजिक्स घेऊन.

बरं, ते भांडण राहू दे. (राहू देणार नाही. खाली येतेच त्यावर.)

मुद्दा असा की मनूनं विचारलं, "आई, तू का खाल्लंस?" आणि वाढदिवसाचा दिवस, पोरी गोल करून बसलेल्या, पंखा फिरतोय, मी सांगून बसले. सव्वीस वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं. एन.एस.एस.चं शिबिर म्हणून घरून निघालो, दोघींत मिळून नऊशे रुपये, आणि कोल्हापूरहून थेट मालवणची एस.टी. सिंधुदुर्गाला जाताना होडीत तुला मळमळलं, तरी तू नावाड्याला किल्ल्याची माहिती देत होतीस. नावाडी शेवटी म्हणाला, "बाय माझे, मी रोज जातंय थंय."

आणि पाचशेची नोट! ती गोष्ट सांगताना मनूची एक मैत्रीण सोफ्यावरून खाली पडली. चोर हात लावणार नाही म्हणून तू ती नोट पॅडच्या पाकिटात लपवलीस. हुशारीच होती, मी तेव्हाही म्हटलं होतं. मग मालवणच्या स्टँडवर ती रडवेली मुलगी भेटली, आणि तू दिलदारपणे अख्खं पाकीटच तिच्या हातात दिलंस. मला आठवतंय, आचऱ्याच्या अलीकडे गाडी वळली आणि तू एकदम माझा हात धरलास. तोंडातून शब्द फुटेना. मला वाटलं, हिला परत होडी लागली. त्या मुलीनं घरी जाऊन ते पाकीट उघडलं असेल तेव्हा काय झालं असेल गं? मी आजही कधी कधी रात्री यावर विचार करते. तिला वाटलं असेल, प्रत्येक पाकिटात असं काही निघतं.

अडतीस रुपये उरले होते. म्हणून तर तुझ्या आत्यांकडे जायची वेळ आली, नाहीतर आपण ओळखीच्या घराला दहा कोस लांब ठेवणार होतो. आणि गेलो ते बर्फ घेऊन! रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून बंदरावर मासळीसाठी बर्फ देतात तिथून तू लादीचा तुकडा आणलास, वर भुसा, वर गोणपाट. एस.टी.त मधल्या वाटेत ठेवला. मे महिना, गाडी भट्टीसारखी तापलेली, आणि एकेक म्हातारा चप्पल काढून पाय टेकायला आला. कंडक्टरनंही टेकले. उतरलो तेव्हा निम्मा बर्फ आणि गाडीभर आशीर्वाद.

आत्यांना आनंद झाला बर्फाचा. हापूस घरचा, नारळ घरचा, दूध मात्र चहापुरतं. म्हणून नारळाच्या रसातलं. फिरवायचं मात्र थांबायचं नाही, म्हणाल्या, नाहीतर नारळाचं तूप थिजून दाणे दाणे होतात. दाणे झाले नाहीत. खारट झालं. आणि तिघींनी सगळं खाल्लं. आपण भुकेपोटी, आणि आत्या आपल्यापोटी. "गारेगार तर असा मां?" एवढंच म्हणाल्या आणि वाटी पुढे केली. सुमे, त्या चवीला मी दुसरं काही ठेवू शकत नाही शेजारी. आधी मीठ, मग आंबा, मग पाठीमागून नारळ. काल तीच चव तोंडात आली. म्हणून रडले.

आता खरी पंचाईत ऐक. माझी गोष्ट संपली, पोरी हसून हसून दमल्या, आणि मनू शांतपणे म्हणाली, "मग आम्ही येत्या शुक्रवारी जातोय. मालवण, देवगड. चार दिवस. तिघी. बजेट तीन हजार."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं मांडणीच करून ठेवली होती. "एस.टी.त बायकांना आता अर्धं तिकीट आहे. तुमच्या वेळी नव्हतं." (खरं आहे, २०२३ च्या मार्चपासून आहे.) "फोन आहे, लाइव्ह लोकेशन देते, पैसे फोनमध्ये आहेत, पॅडच्या पाकिटात नाहीत." आणि मग म्हणाली, "मी तुला विचारून तरी जातेय. तू आजीला फसवून गेलीस."

काय बोलणार? आई गेली तोवर तिला ते शिबिरच माहीत होतं. निदान मला तसं वाटतं. परत आलो त्या दिवशी तिनं माझे कपडे भिजवले, नाकाशी धरले आणि म्हणाली, "शिबिरात आमरस होता वाटतं." पुढे काही विचारलं नाही. काल रात्री पडल्या पडल्या तेच वाक्य फिरत होतं डोक्यात. तिला कळलं होतं का गं? आणि कळूनही गप्प राहिली असेल, तर किती रात्री ती जागी असेल?

कारण मनूला मी एक गोष्ट सांगितली नाही. टेम्पोची.

आत्यांनी दोनशे रुपये दिले, परत आलो, इथवर सांगून थांबले. कोल्हापूरला आंबा घेऊन जाणाऱ्या टेम्पोत रात्री नऊला बसलो हे जिभेवर आलं होतं, गिळलं. तो माणूस आत्यांच्या ओळखीचा, मान्य. पण आपल्या ओळखीचा? नावसुद्धा विचारलं नाही आपण, काका काका म्हणत राहिलो. मागे पेट्या रचलेल्या, वर ताडपत्री, क्लीनरला पेट्यांवर पाठवून आपण दोघी केबिनमध्ये. वैभववाडी सुटल्यावर काका म्हणाले, "पोरींनो, झोपू नका. तुम्ही झोपलात की मला झोप येईल. गाणी म्हणा." मग आपण गाणी म्हटली, सगळी संपली. आरत्या म्हटल्या. शाळेतली प्रार्थना, प्रतिज्ञासुद्धा. करूळ घाटात पंक्चर झाली तेव्हा आपण पाढ्यांवर आलो होतो, आणि रात्री दोन वाजता बॅटरी धरून तू सत्तावीसचा पाढा म्हणत होतीस आणि काका जॅक फिरवताना चुका काढत होते! सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद, ते त्यांनीच सांगितलं. गगनबावड्याला चहा पाजला. मार्केट यार्डात उजाडलं तेव्हा अंगाखांद्याला, केसांना, ओढणीला हापूसचा वास.

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर रात्र आहे. लग्नाची, मनूच्या जन्माची वेगळी, पण ही माझी एकटीची. तुझी आणि माझी. आणि मनू उद्या म्हणाली की आई, मी रात्री अनोळखी माणसाच्या टेम्पोत बसून घाट चढणार आहे, तर मी दाराला कुलूप लावीन. अगदी खरं सांगते, लावीन. मग मी तिला काय सांगू? आपल्याला काही झालं नाही म्हणून कुणाला काही होत नाही, असं कसं म्हणू? पेपर मीही वाचते. आणि जाऊच नकोस म्हटलं, तर ती रात्र तिला कधी मिळणार? तशी नसेल, निराळी असेल, पण तिची असेल.

अविनाश म्हणतो, हॉटेलचं बुकिंग करून देऊ, गाडी करून देऊ. मी म्हटलं, मग ती ट्रिप तुझी झाली. त्याला ते कळलं नाही, आणि मला नीट सांगता आलं नाही. तुला कळेल म्हणून लिहितेय.

अगं, सगळ्यात जास्त भीती कसली वाटते सांगू? पैसे संपण्याची नाही, गाडी चुकण्याची नाही. आपले पैसे संपले तेव्हा वाटेत आत्यांचं घर होतं. पोरींच्या वाटेत कुणाचं आहे? फोनवर पैसे पाठवता येतात, ओसरी पाठवता येत नाही. म्हणून एक काम कर. बंड्यादादा अजून जामसंड्यालाच असतो ना? त्याचा नंबर मला पाठव. मनूला देणार नाही, माझ्याजवळ ठेवीन. तिला कळू द्यायचं नाही असं आधी ठरवलं होतं, पण परत लपवाछपवी नको. सांगूनच ठेवीन, की अडतीस रुपये उरले तर मला फोन कर. आणि टेम्पोचं सांगू का? ती जाण्याआधी सांगू की आल्यावर? तू तेव्हा तिथे होतीस, तूच सांग. कुंदाला विचारणार नाही, तिनं अजून मला शिबिराचं खोटं माफ केलेलं नाही. तिलाही यायचं होतं.

तुझी बदली थांबली की व्हायची आहे? नागपूरचं ऊन ऐकून इथे घाम फुटतो, कूलर दुरुस्त केलास का? ओंकारचा निकाल कधी? भावोजींना नमस्कार, आणि त्यांना सांग, त्यांनी दिलेलं कढीपत्त्याचं रोप माणसाच्या उंचीचं झालं.

आता रुमालाचं. सव्वीस वर्षं मी म्हणत आले की रुमाल तुझा, निळ्या फुलांचा, आणि हात तुझा. दोन्ही खरंच आहे. पण काल फरशी बघताना मला दिसलं, ते खारं पाणी ओसरीवरून वाहत आत्यांच्या वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांच्या चटईकडे निघालं होतं, आणि "सुमे, अडव, अडव!" असं ओरडले होते मी. आत्या नंतर म्हणाल्याही होत्या, "अगो, सोलांका मीठच लावतत. जाऊक दी!" ते मी तुझ्याशी भांडताना दर वेळी गाळत आले. तेव्हा निम्मा दोष माझा. लिहून दिला आहे, जपून ठेव.

गुरुवारपर्यंत उत्तर दे. फोन केलास तर संध्याकाळी सहानंतर, मनू क्लासला असते.

तुझी,
वैजू

ता. क. आत्यांनी साखर किती घातली होती गं? मनू पुढच्या महिन्यात पुन्हा करायचं म्हणतेय, भोक उघडं ठेवून. मी तिला काही बोलले नाही, पण एक वाटी मीठ घालूनच कर असं माझ्या मनात आहे.