पोरगं अठराचं झालं की त्यानं जायचं कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपली की होम मैदानावरचे पाळणे उतरवतात, ट्रक भरतात आणि पाळणेवाले पुढच्या गावच्या यात्रेला निघून जातात, पण त्यांच्यासोबत कामाला आलेली एकदोन पोरं इथंच मागं राहिलेली मी बघितलीत, कुणाचं पैशावरनं मालकाशी वाजलेलं असतं, कुणी आजारी पडलेला असतो. मग काही दिवस स्टेशनवर, काही दिवस एसटी स्टँडवर, नाहीतर मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या उतरवून तिथंच पोत्यांवर झोपायचं. ही पोरं अठरा, एकोणीस, वीस वर्षांची असतात, भिकारी नसतात, त्यांना काम पाहिजे असतं. त्यांच्याबद्दल लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी असाच एक आमच्या दारात आला. अक्कलकोट रोडला आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, बारा मशीन, मिस्टर कटिंग बघतात आणि मी काज-बटणापासून पॅकिंगपर्यंत. सकाळी शटर उघडायला गेलो तर हा पायरीवर बसलेला. मिस्टरांनी विचारलं काय करलालास बे इथं, तर म्हणाला काम आहे का. वय विचारल्यावर त्यानं शर्टाच्या आतनं एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि एका बालगृहाचं पत्र, तिन्ही कागद इतक्यांदा दुमडलेले की घडीवरनं फाटायला आले होते. एकोणीस पूर्ण. दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात लहानाचा मोठा झाला, अठरा भरल्यावर तिथनं बाहेर पडला, मग हॉटेलात भांडी, मग पाळणा, मग आमची पायरी. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.

धागे कापायला बसवला. हात चांगला होता, मान वर न करता काम करायचा. पण रोज संध्याकाळी मशीन बंद झाल्या की दारात उभा राहून विचारायचा, "काकू, उद्या येऊ का?" मी म्हणायचे ये की, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. आधी मला त्याचा राग यायचा, सारखं काय विचारायचं, नंतर कळलं की याला आजवर कुणी उद्याचं सांगितलेलंच नाही.

राहायला युनिटमध्येच सोय केली, कापडाच्या बंडलांवर सतरंजी, पंखा, बाथरूम. आम्हाला वाटलं झालं, काम दिलं, छप्पर दिलं, अजून काय पाहिजे. मग पाडव्याला जोडून सुट्टी आली आणि युनिट तीन दिवस बंद राहिलं. आम्ही गावी गेलो. चौथ्या दिवशी शटर उघडलं तर पोरगं तापानं फणफणलेलं, ओठ फाटलेले, वर पत्रा तापून आत भट्टी झालेली आणि त्याच्याजवळ माठातलं पाणी सोडून काही नाही. पहिल्या दिवशी ताप आला आणि त्यानं कुणाला फोन केला नाही. माझा नंबर होता त्याच्याकडे. का रे केला नाहीस म्हटलं तर म्हणाला, सणाचं कशाला त्रास द्यायचा.

हे मी विसरू शकत नाही. काम होतं, छप्पर होतं, पगार खात्यात होता, आणि तरी ते पोरगं तीन दिवस मेलं का जगलं हे विचारणारं सोलापुरात कुणी नव्हतं, त्यात मी पण आले. डॉक्टरकडनं त्याला सरळ घरी आणलं आणि माळ्यावरची खोली रिकामी करून दिली. घरात नियम दोनच, रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र आणि उशीर होणार असेल तर फोन करायचा. पहिले काही महिने जेवताना ताटावर हात धरून बसायचा, कुणी उचलून नेईल तसं, आणि दोन भाकरी झाल्या की बास म्हणायचा. आता शेंगाचटणी संपली की स्वतः डबा उघडून घेतो. शेजारच्या पद्मशाली आज्जी त्याला तेलुगू शिकवतात, त्या पण त्याची वाट बघत असतात.

संपादक साहेब, तान्हं बाळ कुठं सापडलं तर सगळं गाव हळहळतं, आणि ते चांगलंच आहे. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या लोकांनी 1875 सालापासून टाकलेल्या बाळांना सांभाळायचं काम सुरू केलं, ही आपल्याकडची केवढी जुनी पुण्याई. पण तेच बाळ मोठं होऊन त्याला मिसरूड फुटलं की आपल्याला त्याची भीती वाटायला लागते. रूम बघायला गेलो तेव्हाचं सांगते (आधी आम्ही त्याला भाड्यानं रूम बघत होतो). मालकानं डिपॉझिटच्या आधी आईबापाचा नंबर मागितला, नाही म्हटल्यावर गावातल्या नातेवाइकाचा, तो पण नाही म्हटल्यावर दार लावून घेतलं. असं तीन ठिकाणी झालं. आमच्याकडे यायच्या आधी एका दुकानात गल्ल्यातले पैसे कमी आले तर पहिलं नाव याचंच घेतलं, पैसे नंतर हिशेबात सापडले पण तोवर याला काढून टाकलं होतं. चूक झाली म्हणून कुणी शोधत आलं नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरा पूर्ण झालेल्या मुलांना एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतनं बाहेर पडल्यावरही आधार द्यायची सोय सांगितलीय. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलाला महिना 4000 रुपये देता येतात. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे. पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि आमच्या पोराला असं काही प्रमाणपत्र असतं हेच माहीत नव्हतं, त्याच्या पिशवीत ते नव्हतं. बाहेर पडायच्या दिवशी हातात फाईल देऊन एकेक कागद समजावून सांगणारं कुणीतरी पाहिजे ना. 2024 ला मुख्यमंत्र्यांची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, मी हौसेनं माहिती काढली, महिन्याचं विद्यावेतन बारावीला 6000, आयटीआयला 8000, पदवीला 10000, आणि हा दहावीला बसलेलाच नाही. आधारवर पत्ता अजून बालगृहाचा होता, तो बदलायलाच आमच्या चार चकरा झाल्या, आणि त्याच्यासोबत आम्ही नसतो तर त्यानं पहिल्याच चकरेत सोडून दिलं असतं.

निवाऱ्याचं पण बघा. केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात लिहिलं होतं की दर एक लाख लोकसंख्येमागं किमान 100 बेघरांसाठी चोवीस तास चालणारा कायमचा निवारा पाहिजे. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. म्हणजे साडेनऊशे लोकांची सोय निघते, तीही 2011 च्या माणसांच्या हिशेबानं. पालिकेनं एवढी जागा कुठं कुठं आहे ते एकदा पेपरात जाहीर करावं, आणि त्यात तरुण मुलांसाठी वेगळा भाग ठेवावा, दारू पिऊन आलेल्या मोठ्या माणसांच्यात एकोणीस वर्षांच्या पोराला झोपवू नये. मुलींचं तर विचारूच नका, त्या स्टेशनवर दिसत नाहीत म्हणून नाहीत असं नाही, त्यांना कुणीतरी आधीच घेऊन गेलेलं असतं.

पण घर देणं हे सरकारी जीआरनं होत नाही, ते माणसानं करायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं, का तर पोरं उपाशी राहू नयेत. त्यांच्या नावानं आपल्या सोलापुरात मुलींचं कॉलेज आहे. कमवा आणि शिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय, पण त्या बोर्डिंगमध्ये कमाई आणि शिक्षणाच्या सोबत एक आई पण होती ते आपण विसरतो. आणि आजचं बघायचं तर अमरावती जिल्ह्यात वझ्झरला अनाथ मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर आहेत, 2024 ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडची मुलं बहुतेक दिव्यांग, त्यांना बाबांनी स्वतःचं आडनाव दिलं आणि अठरा झाली म्हणून कुणाला बाहेर काढलं नाही, मुलींची लग्नं लावून दिली, त्यांची एक अंध लेक एमपीएससी पास झाली. बाबा किती वर्षं मागणी करतायत की अठरानंतर मुलांना घर सोडायला लावू नका.

सोलापुरात चादरीचे माग आहेत, टॉवेलचे कारखाने आहेत, गारमेंटची युनिटं आहेत, हॉटेलं आहेत आणि प्रत्येक मालक कारागीर मिळत नाही म्हणून ओरडतोय. माझं म्हणणं एवढंच की असा एक पोरगा किंवा पोरगी घ्या, एकच. अठराच्या आतलं पोर दिसलं तर कामाला लावू नका, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. अठराच्या वरचा असेल तर कामावर घ्या, पूर्ण पगार द्या, दया म्हणून कमी देऊ नका, त्याला ते लगेच कळतं. आणि रात्री एकदा विचारा जेवलास का. घरात घेणं जमत नसेल तर रविवारी जेवायला बोलवा, सणाला बोलवा, तुमचा नंबर त्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून लिहू द्या. चोरी करेल, पळून जाईल अशी भीती मला पण होती. आमच्याकडे नंतर आलेला दुसरा एक मुलगा दीड महिन्यात निघून गेला, काही न सांगता, त्याचं दुःख आहे, तो आला तर दार उघडंच आहे.

पहिला आता ओव्हरलॉक शिलाई मशीनवर बसतो. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी रात्री दहापर्यंत काम चालतं तेव्हा नवीन पोरींना तोच शिकवतो. "उद्या येऊ का" विचारायचा कधी बंद झाला ते माझ्या लक्षात पण आलं नाही. मागच्या महिन्यात मित्रांसोबत पिक्चरला गेला आणि अकरा वाजता फोन आला, काकू, उशीर होईल, माझं वाढून ठेवा. मी फोन ठेवला आणि किती वेळ ओट्याजवळच उभी होते.

युनिटजवळ आता आम्ही अजून एक खोली घेतलीय, दोघांना पुरेल एवढी. कटिंगला एक हेल्पर पाहिजे आणि पॅकिंगला एक, शिकलेला नसला तरी चालेल. माझा फोन नंबर तुमच्या ऑफिसला देऊन ठेवलाय, कुणी विचारत आलं तर द्या.

आपली,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर